कोमट बॉनेट

आमच्या कॉलेजच्या प्रशिक्षण अहवालात शेवटच्या पानावर एक रकाना असतो. ज्यांच्या हाताखाली काम शिकलात त्यांचं नाव तिथे लिहायचं. माझा अहवाल टाइप करून, बांधून, गेले दोन महिने टेबलावर पडला आहे. बाकीचे सगळे रकाने भरले आहेत, हा एक रिकामा आहे. सरांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी "उद्या देते" म्हणाले.

नाव मला ठाऊक नाही असं नाही. खंडोजी राव. पण बेंगळुरूबाहेरच्या येलहंक्यात त्यांना कुणी राव म्हणत नसे. जीपवाले, पंक्चरवाला, समोरचा इडलीवाला, सगळ्यांचे ते अण्णा. माझेही अण्णाच. त्या रकान्यात 'खंडोजी राव' लिहिलं तर ते कुणी परका माणूस वाटतात, आणि 'अण्णा' लिहायला हात होत नाही.

म्हणून आधी हे लिहिते आहे. मला नीट जमेल की नाही सांगता येत नाही.

अण्णांचं गॅरेज म्हणजे रेल्वे जंक्शनकडून जाणाऱ्या रस्त्यावर चिंचेचं एक मोठं झाड, त्याखाली पत्र्याची शेड आणि दोन्हींच्या मध्ये बांधलेली सुतळी. त्या सुतळीवर पांढऱ्या पंच्याची हातभर चौकोनी फडकी वाळत घातल्यासारखी लटकत असायची. कशावर काळा डाग, कशावर तपकिरी ठिपके, एखादं नुसतं ओलसर पिवळट. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरी तान्हं बाळ आहे. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने गाडीचा नंबर लिहिलेला. अण्णांकडे वही नव्हती. कुठल्या गाडीचा धूर कधी कसा होता, ते सगळं त्या सुतळीवर होतं.

ते फक्त जुन्या डिझेल जीपा बघत. मोटारी घेत नसत, स्कूटरकडे तर ढुंकूनही बघत नसत. पूर्वी कुठल्याशा सरकारी वर्कशॉपमध्ये होते, तिथे डोंगरात चालणाऱ्या गाड्या यायच्या, तेवढं एकदा बोलले होते. माणूस बुटका, अंगात खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर भस्म. सकाळची पहिली गाडी हुंगून झाल्याशिवाय कॉफीला हात लावत नसत, कारण कॉफीने नाक झोपतं. शेडमध्ये गणपतीची तसबीर होती, पण उदबत्ती दहानंतर.

"देव थांबतो," ते म्हणायचे. "आधी गाडीचा धूर, मग देवाचा."

त्यांची मराठी माझ्यासारखी नव्हती. घराणं कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरातलं. "माझ्या आजोबाचे आजोबा घोड्यावर बसून इकडे आले. मी बसमध्ये बसूनसुद्धा तिकडे गेलो नाही," असं सांगून ते स्वतःच हसत. घरी बायकोशी मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि रागवायचं झालं तर हिंदी. माझ्याशी बोलताना 'थोडं'ऐवजी स्वल्प आणि 'बरं'ऐवजी सरी मधेमधे येत राहायचं. मला ते पुट्टी म्हणत, म्हणजे छोटी मुलगी. कॉलेजात मला सगळे आडनावाने हाक मारत, त्यामुळे ते पुट्टी कानाला बरं वाटायचं.

मी त्यांच्याकडे गेले कारण दुसरं कुणी घेत नव्हतं. आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात दोनच मुली. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत सहा आठवडे वर्कशॉपमध्ये काम करायचं असतं. दुसरीच्या वडिलांनी तिची सोय केली. माझे वडील खानापूरजवळ कौलांच्या भट्टीवर होते, आणि ते जाऊनही सात वर्षं झाली होती. मी राजाजीनगरात मावशीकडे राहत होते. कॉलेजचं पत्र घेऊन तीन ठिकाणी फिरले. एकाने सांगितलं, मुलींसाठी बाथरूम नाही. एक म्हणाला, कपडे खराब होतील. तिसऱ्याने पत्र वाचलंच नाही. शेवटी मावशीच्या शेजाऱ्यांनी अण्णांचा पत्ता दिला.

अण्णांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. टेबल हलवून बघितलं.

"सरी," ते म्हणाले. "चांगला कागद आहे. उद्या सातला ये."

दुसऱ्या दिवशी सातला गेले तेव्हा फाटकातून एक जीप आत येत होती. सकलेशपूरकडच्या एका कॉफीच्या मळ्याचे मालक स्वतः चालवत आले होते. अण्णा मला म्हणाले, "बॉनेटवर हात ठेव. तळवा पूर्ण. कसं लागतं?"

"गरम."

"मग त्यांना सांग, नाळे बन्नी."

उद्या या. मला वाटलं थट्टा करतात. मालक माझ्या वडिलांच्या वयाचे, बोटात अंगठ्या. मी कशीबशी म्हणाले, "नाळे बन्नी, सर."

"का?" ते कन्नडमध्ये गरजले. "मी भूत आहे का?"

त्या दिवसांत शहराबाहेरच्या वस्त्यांमध्ये भुताने दारावरून परत जावं म्हणून लोक दारावर 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', असं लिहायचे. पंक्चरवाला हसत सुटला. अण्णा हसले नाहीत.

"साहेब, भूत नाही. पण गाडी दमून आली आहे," ते म्हणाले. "रात्रभर इथे झोपू दे. सकाळी ती उठताना मी बघतो. माणसाचं खरं तोंड झोपेतून उठताना दिसतं, तोंड धुतल्यावर नाही."

मालक चिडले, पण गाडी ठेवून बसने गेले. हा अण्णांचा एकच नियम होता. बॉनेट थंड असल्याशिवाय ते गाडीला हात लावत नसत. कोमटसुद्धा चालत नसे. इंजिन एकदा तापलं की झिजलेले भाग फुगून एकमेकांना धरतात आणि दुखणं लपतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण त्यासाठी कुणी मळ्याच्या मालकाला बसने पाठवतं, हे माहीत नव्हतं. एकदा एक पोलीस अधिकारी आले, त्यांनाही नाळे बन्नी. तेही मलाच सांगायला लावलं. मी सांगितलं. परत जाताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, माझ्या सांगण्यावरून कुणीतरी परत गेलं असं आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

धूर बघायची त्यांची पद्धत साधी होती. थंड गाडीला सेल मारायचा आणि पहिल्या धुरात फडकं धरायचं. काळं आणि कोरडं उठलं तर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी मिळतेय. तेलकट तपकिरी ठिपके पडले, धुरात निळी झाक असली, तर इंजिन स्वतःचं ऑइल जाळतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या. पांढरा असला तर फडक्यावर भागत नाही, पाइपामागे उभं राहून डोळे उघडे ठेवायचे. डोळे झोंबले तर ते न जळलेलं डिझेल. नाही झोंबले तर पाणी, म्हणजे इंजिनच्या हेडचं काम. सहा आठवड्यांत माझे डोळे इतके लाल झाले की मावशी अंजन घालायला लागली.

"तुमचं यंत्र नाही का मिळत धूर मोजायचं?" तिने विचारलं.

मी अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मिळतं की. किती आहे ते सांगतं. का आहे ते सांगत नाही."

माझी पहिली मोठी चूक मला अजून आठवते. एका देवळाच्या ट्रस्टची जीप आली होती, काळाकुट्ट धूर. मी पुस्तक उघडून अण्णांना सांगितलं की डिझेल फवारणारं नोझल बदलावं लागेल, आणि वर दोन कारणंही सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एअर क्लीनर उघड."

उघडला. आत नाचणीच्या काडाचं घरटं आणि त्यात उंदराची चार पिल्लं, गुलाबी, डोळे मिटलेली. मी दोन पावलं मागे सरले.

"तुझ्या पुस्तकात उंदीर आहे काय?"

"नाही."

"मग लिहून ठेव. पान रिकामं असेल कुठेतरी."

त्यांनी ती पिल्लं फडक्यात घेऊन चिंचेच्या बुंध्याशी ठेवली. बॉनेटखालची जागा पुसली, आणि जीपच्या ड्रायव्हरला, जो पुजाऱ्यांचाच मुलगा होता, सांगितलं, "नोझल चांगलं आहे. हिने शोधून काढलं." मी काहीच शोधलं नव्हतं. पण त्या मुलाने मला नमस्कार केला, आणि अण्णांनी तो मला घेऊ दिला.

सुट्टी संपली तरी मी दर रविवारी जात राहिले. दोन बस बदलून. अण्णांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणत असू, ती बारा वाजता चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताचा, डबा पाठवायची आणि त्यात माझा वाटा वेगळा बांधलेला असायचा. त्या पुडीत ती मिरच्या कमी घालायची. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, अण्णांनीच कधीतरी माझा चेहरा बघून घरी सांगितलं असावं.

मला एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायची आहे, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका रविवारी एक माणूस आला. त्याला जीप विकायची होती, गिऱ्हाईक बुधवारी बघायला येणार होतं, आणि निळा धूर निघत होता. तो अण्णांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला. अण्णांनी मात्र मोठ्याने उत्तर दिलं, आधी कन्नडमध्ये आणि मग हिंदीत, म्हणजे राग आला होता. तो माणूस गाडी घेऊन निघून गेला.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"धूर झोपव म्हणत होता."

"झोपवता येतो?"

ते पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यात जाड ऑइल घालायचं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी फिरवून आणायची. मग फडकं स्वच्छ येतं. तीन आठवडे झोपतो धूर. मग उठतो, आणि तेव्हा ज्याने घेतली तो माणूस कुठल्यातरी चढावर एकटा असतो." पाना जागेवर ठेवून ते म्हणाले, "हे तुला ठाऊक असायला पाहिजे. करायला नाही. ओळखायला."

मी ते त्या रात्री वहीत लिहून घेतलं. वही अजून आहे.

आता दादाबद्दल. वडील गेले तेव्हा दादा नववीत आणि मी सातवीत. दोघांपैकी एकच शाळेत राहू शकणार होतं. दादा भट्टीवर गेला. यावर आमच्या घरात कधी चर्चा झाली नाही, एका सोमवारी तो दप्तराऐवजी वडिलांचा डबा घेऊन निघाला, एवढंच. भट्टीच्या आचेजवळ सात-आठ वर्षं काढल्यावर त्याला खोकला लागला, आणि डॉक्टरांनी धुरातून बाहेर पडायला सांगितलं. खानापुरापासून घाटाकडे जंगलात वाड्या आहेत. तिथे पावसात बस जात नाही. चारी चाकं ओढणारी जीप असली तर माणसं आणि दुधाचे कॅन आणता येतील, असं त्याने ठरवलं. नवी घेणं शक्यच नव्हतं.

त्याने मला लिहिलं, "तू बघून दे. घरात इंजिनिअर असताना मी दुसऱ्या कुणाचं का ऐकू?"

मी पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ चिंचेकडे बघत बसले. मग म्हणाले, "एक गाडी आहे माझ्या नजरेत. दोन आठवड्यांनी दादाला बोलव."

तो दोन आठवड्यांचा काळ माझ्या परीक्षेचा होता. मी गॅरेजला गेले नाही.

ठरलेल्या रविवारी दादा पहाटेच्या बसने उतरला. आठच्या सुमारास आम्ही येलहंक्याला पोचलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि अण्णांसाठी खव्याचा डबा आणला होता. जीप चिंचेखाली उभी होती. पत्रा जुना, पण टायर बरे. दादा तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी त्याच्या चेहऱ्यावर वडील असताना बघितलं होतं.

मी सवयीने बॉनेटवर तळवा ठेवला.

कोमट.

ऊन अजून झाडाखाली आलं नव्हतं. मी हात काढला नाही. अण्णा शेडच्या दारात उभे होते. हातात इडलीवाल्याच्या कॉफीचा पेला होता, अर्धा संपलेला.

"सकाळी ब्रेक बघायला स्टेशनपर्यंत नेऊन आणली, पुट्टी," ते म्हणाले.

नाळे बन्नी म्हणायची ती वेळ होती. मळ्याच्या मालकाला म्हटलं होतं, पोलिसाला म्हटलं होतं. दादाला एक दिवस थांबायला सांगितलं असतं तर तो थांबला असता. पण समोर अण्णा होते. ज्यांनी नियम शिकवला त्यांनाच तो लावायचा असतो, हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं, पण लगेच लाज वाटली, की आपण कुणावर संशय घेतो आहोत.

अण्णांनी खिशातून कोरं फडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"आज मी नाही बघणार. तूच धर, आणि तुझ्या दादाला तूच सांग."

मला केवढा अभिमान वाटला. अण्णांनी सेल मारला, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मी फडकं धरलं. कोरडा, फिकट करडा गोल उठला, बस. डोळे झोंबले नाहीत. मी फडकं उजेडात धरून तीन वेळा बघितलं.

"निळा नाही, दादा," मी म्हणाले.

"म्हणजे घेऊ?"

"घे."

दादाने एकही प्रश्न विचारला नाही. अण्णा त्याला म्हणाले, "बहीण हुशार आहे तुमची." दादा म्हणाला, "म्हणून तर तिला शिकवली." मी फडक्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर लिहिला आणि सुतळीवर अडकवलं. अक्काचा डबा त्या दिवशी आला नाही. अण्णांनी खव्याचा डबा घेतला, पण उघडला नाही.

महिन्याने दादाचं पत्र आलं. ते इथे जसंच्या तसं देते.

"गाडी चालते आहे. चढावर धूर जरा जास्त येतो. रंग निळसर वाटतो. तू निळा नाही म्हणाली होतीस म्हणून विचारतो, मला रंग नीट कळत नसेल. सकाळी ढकलावी लागते. वाडीची माणसं ढकलतात, चांगली आहेत. काल दोघी बायकांनी नाकाला पदर लावला तेव्हा वाईट वाटलं. तू अभ्यास सोडून येऊ नकोस."

दिवाळीच्या सुट्टीत गेले. खानापुरातल्या एका मिस्त्रीला घेऊन इंजिन उघडलं. ऑइल काकवीसारखं बोटाला चिकटत होतं. इतकं जाड ऑइल त्या इंजिनात कुणी चुकून घालत नाही. तिसऱ्या सिलिंडरची वरची रिंग दोन तुकड्यांत बाहेर आली. तुटलेल्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. ती महिन्याभरात तुटलेली नव्हती.

दादा दगडावर बसून बघत होता.

"काय ते सांग. मी ऐकतो," तो म्हणाला.

"रिंग गेली आहे."

"कधीपासून?"

"आपण घ्यायच्या आधीपासून."

तो खोकला. मग त्याने रिंगचे दोन्ही तुकडे हातात घेऊन बघितले. शेवटी म्हणाला, "म्हणजे तुलाही फसवलं."

तो 'तुलाही' मला अजून सहन होत नाही. त्याने मला आपल्या बाजूला घेतलं. मी त्याच्या बाजूला नव्हते. त्या सकाळी मी फडकं धरून उभी होते.

दिवाळीनंतर दादा पुन्हा भट्टीवर जायला लागला. जीप गोठ्यात उभी आहे, वरून ताडपत्री घातली आहे.

मी बेंगळुरूला परत आल्यावर रिंगचा एक तुकडा ओढणीच्या टोकाला बांधून येलहंक्याला गेले. बसमध्ये काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. अण्णा टेबलाशी बसून एक जुना पंचा कापत होते. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, हे मी लपवणार नाही. पुट्टी म्हणून त्यांनी स्टूल पुढे केलं.

मी गाठ सोडली आणि तुकडा टेबलावर ठेवला. टेबल हललं नाही, माझं पत्र अजून पायाखाली होतं.

अण्णांनी तुकडा उचलला, उजेडाकडे फिरवला, अंगठा कडेवरून नेला.

"तिसऱ्याची," ते म्हणाले.

मी सिलिंडरचा नंबर सांगितला नव्हता.

त्यांच्याही ते लक्षात आलं. जवळच्या हवाई तळावरून उडालेलं एक विमान डोक्यावरून गेलं, तेवढा वेळ दोघांनाही बोलता येत नव्हतं.  मग ते खाली बघत म्हणाले, "भाचा माझा. थोरल्या बहिणीचा मुलगा. आखातात निघाला होता. जायच्या आधी गाडी विकली जायला पाहिजे होती. बहीण दारात येऊन बसली होती तीन दिवस."

"मला सांगायचं होतं, अण्णा. आम्ही दुसरी बघितली असती."

"हो."

"दादाचं धुरातलं काम सुटायचं होतं त्या गाडीने."

"माहीत आहे. पत्र तूच वाचून दाखवलं होतंस."

मी काय जुळवून आले होते ते सगळं विसरले. अण्णांनी कात्री बाजूला ठेवली.

"तू बॉनेटवर हात ठेवलास," ते म्हणाले. "मी बघत होतो. हात ठेवून उभी राहिलीस. मला वाटलं, आता म्हणेल. नाळे बन्नी म्हणेल. म्हटलं असतंस तर मी आडवा आलो नसतो, पुट्टी. देवाशप्पथ. मी वाट बघत होतो."

हे ते खोटं बोलत नव्हते. अजूनही मला तसंच वाटतं. त्यांना स्वतःला जे जमत नव्हतं ते त्यांनी माझ्या हातावर सोडून दिलं होतं, आणि मला मात्र कळवलं नव्हतं. फडकं हातात देताना सुद्धा नाही.

"दुसरं कुणी असतं तर म्हटलं असतं," मी म्हणाले. "तुम्ही होता म्हणून नाही म्हटलं."

त्यांनी रिंगचा तुकडा परत टेबलावर ठेवला. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी इकडे आण. इंजिन मी करून देतो, नव्यासारखं." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दादाला नंतर विचारलं, तर तो "नको" एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन कामावर गेला.

मी उठले आणि सुतळीकडे गेले. फडकी वाऱ्याने हलत होती. मळ्याच्या मालकांचं होतं, देवळाच्या जीपचं काळंकुट्ट होतं. दादाच्या जीपचं शेवटून चौथं. त्यांनी ते काढून टाकलं नव्हतं. अण्णा एकही फडकं टाकत नसत, त्यांच्या लेखी सुतळीवर आलं ते घडलेलं. इतक्या सगळ्या फडक्यांत ते एकच खोटं होतं, आणि त्यावर अक्षर माझं होतं. मी ते ओढून काढलं आणि ओढणीत बांधलं. अण्णा बघत होते. त्यांनी अडवलं नाही.

फाटकाशी पोचले तेव्हा एक हिरवी जीप आत शिरत होती. लांबून आली असावी, चाकांना लाल माती होती, बॉनेट तापलेलंच असणार. मी बाजूला झाले आणि का कुणास ठाऊक, वळून बघितलं. ड्रायव्हर उतरला. अण्णा पंच्याला हात पुसत पुढे आले. नेहमीसारखा त्यांचा उजवा हात उचलला गेला, तळवा उघडा, आणि बॉनेटच्या वर वीतभर अंतरावर आला.

तेव्हा त्यांना मी फाटकात उभी दिसले.

हात तिथेच थांबला. मग त्यांनी तो हळूहळू मागे घेतला, बॉनेटला न लावताच, आणि ड्रायव्हरकडे वळून कन्नडमध्ये म्हणाले, "मारा सेल."